रक्त-लघवीतली लेशमूलद्रव्यं आयसीपी-एमएसवर मोजताना

यंत्रात शिरलेला अणू आपण कुठून आलो ते सांगत नाही. आयसीपी-एमएस हे यंत्र नमुन्यातल्या अणूंचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, बनवतं आणि वस्तुमानानुसार ते मोजतं. वस्तुमान ५२ वर डिटेक्टरला आयन मोजायला मिळाले, की यंत्र ‘क्रोमियम’ असं लिहून मोकळं होतं. ते क्रोमियम रुग्णाच्या रक्तातलं असेल, रक्त काढलेल्या स्टीलच्या सुईतून आलेलं असेल, किंवा ते मुळात क्रोमियम नसेलही. आर्गॉनचा एक अणू आणि कार्बनचा एक अणू एकमेकांना चिकटले, तर त्या जोडीचंही वस्तुमान ५२ च भरतं.

हा धोका पुस्तकी नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला निरोगी माणसाच्या सीरममधल्या (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवातल्या) क्रोमियमचे म्हणून जे आकडे छापले जात, ते आजच्या मानाने शेकडो पटींनी मोठे होते. १९८० च्या आसपास हा आकडा लिटरला साधारण ०.१ ते ०.२ मायक्रोग्रॅमपर्यंत उतरला. माणसाचं रक्त बदललं नव्हतं. नळ्या, सुया, हवा आणि हात स्वच्छ झाले होते. म्हणून या लेखात यंत्राच्या बटणांपेक्षा यंत्राआधीच्या गोष्टींना जास्त जागा दिली आहे. प्रत्येक टप्प्यावर प्रश्न तोच: हा अणू शरीरातला, बाहेरचा, की तोतया?

आधी प्रश्न ठरवा, मग नळी

‘सगळे धातू तपासा’ ही मागणी ऐकायला सोपी असते, पण एका नळीत सगळ्यांची उत्तरं मिळत नाहीत. रक्तातलं शिसं जवळजवळ सगळं तांबड्या पेशींत असतं, ९५ टक्क्यांहून जास्त. त्यामुळे शिशासाठी अख्खं रक्तच हवं, सीरम निरुपयोगी. कॅडमियमसाठीही अख्खं रक्त. मासे खाण्यातून येणारा मिथिल पारा पेशींत बसतो, तर असेंद्रिय पारा लघवीत जास्त चांगला दिसतो. मँगेनीज अख्ख्या रक्तात लिटरला साधारण ५ ते १५ मायक्रोग्रॅम, सीरममध्ये मात्र १ च्या आसपास किंवा त्याखाली. तांबं, जस्त आणि सेलेनियम यांच्यासाठी सीरम किंवा प्लाझ्मा. आयोडीन लघवीत. आर्सेनिकही लघवीत, कारण ते रक्तातून काही तासांत निघून जातं.

(या विषयात ‘प्लाझ्मा’ हा शब्द दोन ठिकाणी येतो, एकदा रक्तात, म्हणजे पेशी वगळून उरणारा द्रव, आणि एकदा यंत्राच्या टॉर्च नावाच्या नळीत, म्हणजे आर्गॉनचा तप्त, आयनीभूत वायू. पुढे फक्त ‘प्लाझ्मा’ म्हटलं, तर तो टॉर्चमधला समजा.)

आईचं दूध किंवा मेंदू-पाठीच्या कण्यातला द्रव याच पद्धतीने मोजता येतो. दुधात चरबी जास्त असते, तर कण्यातला द्रव मिळतोच थोडा. बाकी तर्क तोच.

रुग्णाला विचारायच्या गोष्टीही याच टप्प्यावर ठरतात. गेल्या चार-पाच दिवसांत समुद्री मासे, कोळंबी, समुद्री शेवाळ खाल्लं का? एमआरआयसाठी गॅडोलिनियमचं किंवा सीटी स्कॅनसाठी आयोडीनचं इंजेक्शन घेतलं का? पोटाच्या तक्रारीवर बिस्मथचं औषध चालू आहे का? जस्ताच्या किंवा सेलेनियमच्या गोळ्या? कमरेचा किंवा गुडघ्याचा सांधा धातूचा आहे का? नमुन्याच्या चिठ्ठीवर या उत्तरांसाठी जागा ठेवा. नंतर फोन करून ही माहिती मिळवताना अर्धा दिवस जातो, आणि तोवर रन (नमुन्यांच्या मोजणीची फेरी) संपलेला असतो.

नमुना: खरा घात इथेच होतो

साध्या रक्तनळ्यांच्या रबरी बुचातून जस्त झिरपतं. जेल असलेल्या नळ्या या कामाला वापरू नयेत. लेशमूलद्रव्यांसाठी गडद निळ्या टोपणाच्या खास नळ्या मिळतात. अख्ख्या रक्तासाठी त्यातली ईडीटीएवाली (रक्त गोठू न देणारी) घ्या, सीरमसाठी साधी. नळीवर ‘ट्रेस एलिमेंट’ लिहिलंय म्हणून विश्वास टाकू नका. प्रत्येक नव्या लॉटमधल्या पाच-सहा नळ्या घ्या, त्यात पातळ आम्ल किंवा शुद्ध पाणी भरून रात्रभर आडव्या ठेवा, म्हणजे ते बुचालाही लागेल, आणि दुसऱ्या दिवशी ते द्रावण मोजा. पाच नळ्यांत एक जरी वेगळी निघाली, तरी तो लॉट तुमच्या सर्वांत कमी मात्रेच्या मूलद्रव्यासाठी बाद.

क्रोमियम, कोबाल्ट, निकेल, मँगेनीज हे सगळे स्टीलचे सोबती. यांच्यासाठी शक्य असेल तर प्लॅस्टिकची कॅन्युला (शिरेत घालायची बारीक नळी) वापरावी. नसेल तर सुईतून येणारं पहिलं ५ मिलिलिटर रक्त एका नळीत घ्यावं आणि मोजणीचं रक्त दुसऱ्या नळीत. पहिली नळीही धातुमुक्तच असावी, नाहीतर तिच्यातलं काहीबाही सुईमार्गे पुढच्या नळीत जातं. त्या पहिल्या नळीतलं रक्त शिशासाठी चालतं, वाया जात नाही.

बोटाला टोचून घेतलेल्या रक्तात शिसं जास्त आलं, तर तो आकडा अंतिम धरायचा नाही. कातडीवरची धूळ त्या एका थेंबाला पुरून उरते. शिरेतून रक्त घेऊन खात्री करावी लागते.

सीरम वेगळं करायला उशीर नको. तांबड्या पेशींत जस्त सीरमपेक्षा कितीतरी जास्त, दहापटीच्या घरात असतं. पेशी फुटल्या किंवा नळी तशीच पडून राहिली, की ते सीरममध्ये उतरतं आणि जस्ताची कमतरता असलेला माणूस कागदावर ठणठणीत दिसतो. गोठल्यावर लगेच, शक्यतो दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करा. सीरम लालसर दिसलं, तर जस्त, मँगेनीज आणि लोह यांच्यासाठी ते नाकारा. गुठळी सोडवायला लाकडी काडी घालू नका. सीरम पिपेटने उचलण्यापेक्षा धातुमुक्त कुपीत अलगद ओता, आणि तळाशी थोडं राहिलं तर राहू द्या.

लघवीसाठी धातूचं भांडं नको, आणि रंगीत टोपणाचा डबाही नको. आम्लाने धुतलेला, रंगहीन प्लॅस्टिकचा डबा हवा. एकदाच घेतलेल्या लघवीत पाण्याचं प्रमाण बेभरवशाचं असतं, म्हणून क्रिएटिनिनही मोजून मूलद्रव्याचा आकडा ‘प्रति ग्रॅम क्रिएटिनिन’ असा द्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार क्रिएटिनिन लिटरला ०.३ ते ३ ग्रॅमच्या बाहेर असेल, तर नमुना फार पातळ किंवा फार घट्ट समजून पुन्हा मागवावा. विल्सनच्या आजारासाठी (यात शरीरात तांबं साचतं) तांबं मोजायचं असेल, तर २४ तासांची लघवी हवी. तिथे एकूण आकारमान नीट मोजलं गेलं नाही, तर पुढचं सगळं फुकट.

लघवी थंडीत ठेवली की तळाशी गाळ बसतो. त्या गाळात धातूही अडकतात. मोजण्याआधी नमुना शरीराच्या तापमानाला आणा, जोराने हलवा आणि गाळ वर असतानाच उचला. नायट्रिक आम्ल टाकून ठेवलं तर गाळ कमी बसतो, पण आयोडीन मोजायचं असेल तर आम्ल अजिबात टाकू नका. आयोडाइडचं आयोडीन होतं, ते उडतं आणि नळ्यांना चिकटतं. आयोडीनचा नमुना वेगळा, आम्लाशिवाय.

टेबलावरची शिस्त

पाणी १८.२ मेगाओम-सेंटिमीटर प्रतिरोधाचं. आम्ल लेशमूलद्रव्यांच्या दर्जाचं, पुन्हा ऊर्ध्वपातित केलेलं. काच नको, कारण काचेतून बोरॉन, ॲल्युमिनियम आणि बरंच काही सुटतं. पॉलिप्रोपिलीन किंवा पीएफए हे प्लॅस्टिक चांगलं. भांडी १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून, शुद्ध पाण्याने तीन-चारदा धुऊन, धूळ बसणार नाही अशा जागी सुकवा. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर सुकवू नका. हातमोजे पावडर नसलेले हवेत. त्या पावडरीत जस्त असतं, आणि एका चिमटीत अख्ख्या बॅचचं वाटोळं होतं. पिपेटच्या टिपा रंगहीन घ्या आणि वापरण्याआधी पातळ आम्ल एकदा आत घेऊन टाकून द्या.

टीएमएएच हे अल्कली पुढे लागणार आहे. संहत स्वरूपात ते कातडीवर सांडलं, तर जीवघेणं ठरू शकतं. २५ टक्क्यांच्या बाटलीतून ओतताना चेहऱ्याला ढाल, हाताला जाड मोजे, आणि सोबत कुणीतरी असावं. रक्ताचे नमुने संसर्गजन्य धरूनच हाताळायचे. यंत्राच्या टाकाऊ द्रवात ब्लीच ओतायचं असेल, तर त्यात आम्ल किंवा अमोनिया नाही याची आधी खात्री करा. ब्लीच आणि आम्ल मिळून क्लोरीन वायू तयार होतो.

यंत्र काय करतं

द्रावणाचा बारीक तुषार आर्गॉनच्या प्लाझ्मात जातो. तिथलं तापमान ६,००० ते १०,००० केल्विन. रेणू तुटतात, अणूंचे एकेक इलेक्ट्रॉन निघतात, आणि तयार झालेले आयन बारीक भोकाच्या दोन धातूच्या शंकूंमधून (यांनाच पुढे ‘कोन’ म्हटलं आहे) निर्वातात ओढले जातात. क्वाड्रुपोल एका वेळी एकच वस्तुमान पुढे सोडतो, डिटेक्टर मोजतो. पहिलं व्यापारी यंत्र १९८३ सालचं.

यातली लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट अशी, की सगळी मूलद्रव्यं सारखी आयनीभूत होत नाहीत. शिसं जवळजवळ पूर्ण होतं. आर्सेनिक निम्म्याच्या आसपास, सेलेनियम एक-तृतीयांशाच्या आसपास. रक्तातला कार्बन प्लाझ्मात गेला की नेमकं या अर्धवट मंडळींचं आयनीभवन वाढतं. म्हणजे स्टँडर्ड (मात्रा माहीत असलेली तुलनेची द्रावणं) नुसत्या पाण्यात बनवले आणि नमुना रक्ताचा असला, तर सेलेनियम खोटं जास्त येणार. उपाय साधा आहे: सगळ्याच नळ्यांत, ब्लँकसकट (ब्लँक म्हणजे नमुना किंवा स्टँडर्ड न घातलेली कोरी नळी), थोडा अल्कोहोल घाला, म्हणजे कार्बन सर्वांना सारखा मिळतो.

नमुना पातळ करणं

प्लाझ्माला विरघळलेले घन पदार्थ साधारण ०.२ टक्क्यांपर्यंत चालतात. रक्तात त्याहून कितीतरी जास्त प्रथिनं आणि मीठ. म्हणून लघवी १० पट, सीरम १० ते २५ पट आणि अख्खं रक्त ५० पट पातळ करायची प्रथा आहे. मायक्रोवेव्हमध्ये आम्लाने पचवण्याची पद्धत केस आणि ऊतींसाठी ठीक. रोजच्या रक्तासाठी तिची गरज नाही, आणि जितकी भांडी बदलाल तितकी घाण जमा होते.

लघवीसाठी २ टक्के नायट्रिक आम्ल पुरतं. रक्तात तेवढं आम्ल घातलं की प्रथिनं साकळतात आणि नेब्युलायझर (द्रावणाचा तुषार करणारा भाग) तुंबतो. रक्तासाठी अल्कलीचं द्रावण घ्यावं. चालणारी एक कृती: टीएमएएच ०.४ टक्के, इथेनॉल १ टक्का, ट्रायटन एक्स-१०० ०.०५ टक्के, एपीडीसी ०.०१ टक्के, आणि त्यातच इंटर्नल स्टँडर्ड. ट्रायटन पेशींची आवरणं फोडून नळ्या स्वच्छ ठेवतो. एपीडीसी धातूंना धरून ठेवतो, पाऱ्याला विशेषतः.

यंत्राच्या नळ्या अल्कलीवर चालू असताना मध्येच आम्लाने धुऊ नका. नळीच्या भिंतींवर राहिलेली प्रथिनं तिथल्या तिथे थिजतात. आधी अल्कलीच्याच द्रावणाने धुणं, मग भरपूर पाणी, मग आम्ल. हा क्रम मोडल्यावर अर्धी दुपार नेब्युलायझर साफ करण्यात घालवल्याचा अनुभव मी घेतला आहे.

इंटर्नल स्टँडर्ड म्हणजे शरीरात सहसा नसलेलं मूलद्रव्य, प्रत्येक नळीत सारखं घातलेलं. यंत्राची संवेदनशीलता हलली की तेही हलतं, आणि त्याच्याशी गुणोत्तर काढलं की तो हेलकावा रद्द होतो. मोजायच्या मूलद्रव्याच्या जवळचं वस्तुमान आणि जवळची आयनीभवन ऊर्जा असलेला जोडीदार निवडा: मधल्या वजनांसाठी ऱ्होडियम, जडांसाठी इरिडियम, आर्सेनिक-सेलेनियमसाठी टेल्युरियम. बिस्मथ जडांसाठी लोकप्रिय आहे, पण बिस्मथचं औषध घेणाऱ्या रुग्णाच्या नमुन्यात ते आधीच असतं. मग गुणोत्तर कोसळतं आणि शिसं खोटं कमी दिसतं. हे टाळता येण्यासारखं असताना बिस्मथ का निवडावा, हे मला कधी पटलेलं नाही.

कॅलिब्रेशन: दोन ब्लँकची गोष्ट

रक्तासाठी स्टँडर्ड रक्तातच बनवा. ज्यात मूलद्रव्यं कमी आहेत असं रक्त मिळवून ‘बेस ब्लड’ म्हणून गोठवून ठेवा. मग नळ्या अशा:

स्टँडर्डच्या नळीत ०.२ मिलि बेस ब्लड, ०.२ मिलि पाण्यातलं स्टँडर्ड, ९.६ मिलि द्रावण.
रुग्णाच्या नळीत ०.२ मिलि रुग्णाचं रक्त, ०.२ मिलि शुद्ध पाणी, ९.६ मिलि द्रावण.
रक्ताच्या ब्लँकमध्ये ०.२ मिलि बेस ब्लड, ०.२ मिलि पाणी, ९.६ मिलि द्रावण.
रसायनांच्या ब्लँकमध्ये ०.४ मिलि पाणी, ९.६ मिलि द्रावण.

शेवटच्या दोन ओळी नीट पाहा. बेस ब्लडमध्ये स्वतःचं थोडं शिसं असतंच. स्टँडर्डांमधून ते वजा करायला रक्ताचा ब्लँक वापरायचा. रुग्णाच्या नमुन्यातून मात्र फक्त रसायनांचा ब्लँक वजा करायचा. सॉफ्टवेअरमध्ये एकच ब्लँक सगळ्यांना लावून टाकला, तर बेस ब्लडच्या मालकाचं शिसं प्रत्येक रुग्णाच्या खात्यातून कापलं जातं. कमी मात्रेत ही चूक मोठी असते, आणि आकडे इतके नीटस दिसतात की कुणाला संशय येत नाही.

दुसरी नेहमीची चूक गुणाकाराची. स्टँडर्ड आणि नमुना दोन्ही ०.२ मिलि घेतले, तर आलेखावर स्टँडर्डची मूळ मात्रा लिहावी, आणि मग नमुन्याचं उत्तर थेट रक्तातलं येतं. ५० ने पुन्हा गुणायचं नाही. स्टँडर्डची मात्रा ‘नळीतली’ लिहिली असेल तरच गुणायचं. उदाहरणार्थ, नळीत लिटरला ०.९२ मायक्रोग्रॅम शिसं आलं, तर रक्तात ०.९२ गुणिले ५०, म्हणजे ४६ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. शिशाचा अहवाल बहुधा डेसिलिटरला देतात, म्हणून ४.६ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. दोन्हींपैकी कोणती रीत पाळायची, ते एकदाच ठरवून भिंतीवर लावा.

शिशाची समस्थानिकं २०६, २०७ आणि २०८ यांची बेरीज करून मोजा. कुठल्या खाणीचं शिसं, त्यावर या तिघांचं प्रमाण बदलतं. एकट्या २०८ वर विसंबलात, तर स्टँडर्डच्या शिशाचा आणि रुग्णाच्या शिशाचा उगम वेगळा असल्याची किंमत आकड्यात मोजावी लागते.

तोतये

आर्सेनिकला एकच स्थिर समस्थानिक, ७५. रक्तात आणि लघवीत क्लोराइड मुबलक. आर्गॉन-४० आणि क्लोरीन-३५ एकत्र आले की ७५. सेलेनियमचं सर्वांत विपुल समस्थानिक ८०, आणि तिथे आर्गॉनचे दोन अणू जोडीने बसलेले. लोह-५६ वर आर्गॉन आणि ऑक्सिजन. तांबं-६३ वर आर्गॉन आणि सोडियम, म्हणून तांब्यासाठी ६५ ही बघावं. व्हॅनेडियम-५१ वर क्लोरीन आणि ऑक्सिजन. लघवीतल्या कॅडमियमची गंमत वेगळीच. तिथे मोलिब्डेनम कॅडमियमच्या शंभर पटीच्या आसपास असतं, आणि मोलिब्डेनमचे ऑक्साइड कॅडमियमच्या १११ आणि ११४ या दोन्ही जागांवर येऊन बसतात. ११४ वर तर कथिलाचंही एक समस्थानिक आहे.

यातल्या बहुतेकांना हेलियमची कोठडी आवरते. क्वाड्रुपोलच्या आधीच्या कोठडीत हेलियम सोडला, की जोडीचे आयन आकाराने मोठे असल्याने त्यांच्या हेलियमशी जास्त टकरा होतात आणि त्यांची ऊर्जा खर्च होते. पुढे ऊर्जेचा एक उंबरा ठेवलेला असतो, तो थकलेल्यांना ओलांडता येत नाही. एकटा अणू पार होतो. फायदा असा, की कोणता तोतया आहे हे आधी माहीत असायची गरज नाही.

पण हेलियमला दोन गोष्टी जमत नाहीत. खऱ्या समस्थानिकांची टक्कर, म्हणजे कॅडमियम-११४ वरचं कथिल, आणि दुहेरी भाराचे आयन. यंत्र वस्तुमान मोजत नाही, वस्तुमान भागिले भार मोजतं. गॅडोलिनियम-१५६ वर दोन भार चढले, की तो ७८ वर दिसतो. तिथेच सेलेनियम-७८. एमआरआयनंतर दुसऱ्याच दिवशी रक्त दिलेल्या माणसाचं सेलेनियम विषबाधेच्या पातळीला गेलेलं दिसतं ते यामुळे. नमुन्यात वस्तुमान १५७ ही मोजत राहा. तिथे उडी दिसली, तर सेलेनियमचा अहवाल थांबवा. अनेक प्रयोगशाळा अशा कॉन्ट्रास्ट इंजेक्शननंतर निदान ९६ तास थांबायला सांगतात.

त्याहून पक्का उपाय ऑक्सिजनचा. सेलेनियम-७८ ऑक्सिजनशी जोडून ९४ वर न्यायचं, आर्सेनिक-७५ तसंच ९१ वर. दोन क्वाड्रुपोलमध्ये कोठडी असलेली यंत्रं २०१२ नंतर सर्वत्र आली. त्यांत पहिला क्वाड्रुपोल ७८ च आत सोडतो, त्यामुळे ९४ वर आधीपासून बसलेल्या मोलिब्डेनमचा आणि झिर्कोनियमचा त्रास उरत नाही. असं यंत्र नसेल तर निदान दोन समस्थानिकं मोजून त्यांची उत्तरं जुळतात का, ते पाहा: कॅडमियमसाठी १११ आणि ११४, जस्तासाठी ६६ आणि ६८. न जुळणारी जोडी म्हणजे तोतया पकडला गेला.

पारा तोतया नाही, चिकट पाहुणा आहे. एक मोठा नमुना गेला की पुढच्या चार-पाच नमुन्यांत तो रेंगाळतो. आम्लाच्या पद्धतीत द्रावणात लिटरला २०० मायक्रोग्रॅमच्या आसपास सोनं घालतात. त्याने पारा आयनाच्या रूपात राहतो आणि धुतला जातो. मोठ्या आकड्यानंतर ब्लँक लावा, आणि तो उतरेपर्यंत पुढे जाऊ नका.

रन चालवणं

सकाळी प्लाझ्मा पेटवून अर्धा तास स्थिर होऊ द्या. ट्यूनिंगच्या द्रावणावर संवेदनशीलता पाहा. सेरियम ऑक्साइडचं सेरियमशी प्रमाण २ टक्क्यांखाली आणि दुहेरी भाराचं प्रमाण ३ टक्क्यांखाली आणा. कोन नुकतेच साफ केले असतील, तर थेट रुग्णांचे नमुने लावू नका. पातळ केलेलं बेस ब्लड अर्धा-पाऊण तास चालवून त्यांच्यावर थर बसू द्या. न बसलेल्या कोनांवर पहिले वीस नमुने हळूहळू सरकत जातात. निकेलचे कोन असतील, तर रक्तातल्या निकेलचा नाद सोडा किंवा प्लॅटिनमचे घ्या.

मग ब्लँक, स्टँडर्ड, पुन्हा ब्लँक, आणि त्यानंतर दोन किंवा तीन पातळ्यांचे क्यूसी, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले पडताळणीचे नमुने. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेचे रक्त, सीरम आणि लघवीचे प्रमाणित नमुने आहेत, सेरोनॉर्म आणि क्लिनचेक ही रोजच्या वापरातली नावं. क्यूसी कॅलिब्रेशनच्याच बाटलीतून बनवू नका. बाटली चुकीची असेल, तर दोघं मिळून तुम्हाला फसवतील. दर दहा-पंधरा नमुन्यांनंतर एक क्यूसी आणि शेवटी पुन्हा सगळे. एक क्यूसी तीन प्रमाण विचलनांबाहेर गेला किंवा सलग दोन एकाच बाजूला दोनच्या बाहेर गेले, तर आधीच्या बरोबर आलेल्या क्यूसीपासूनचे नमुने पुन्हा.

रन चालू असताना मी आकड्यांपेक्षा इंटर्नल स्टँडर्डचा आलेख जास्त बघतो. सगळे एकदम खाली सरकत असतील, तर नेब्युलायझर तुंबतोय, पंपाची नळी दमलीय किंवा कोनावर मीठ साचतंय. एकाच नमुन्यात सगळे पडले, तर पिपेटमध्ये गुठळी अडकली असेल. एकाच नमुन्यात एकच वर गेला, तर ते मूलद्रव्य रुग्णाच्या अंगात आहे. ज्या नमुन्यात इंटर्नल स्टँडर्ड अपेक्षेच्या ७० ते १३० टक्क्यांबाहेर गेलं, तो पुन्हा पातळ करून लावा.

नवी पद्धत बसवताना आणखी एक गोष्ट: वेगवेगळ्या दिवशी ब्लँक किमान वीस वेळा मोजा. त्याच्या प्रमाण विचलनाच्या तिप्पट म्हणजे शोधमर्यादा, दहापट म्हणजे मोजमर्यादा. एकाच सकाळी दहा ब्लँक लावून काढलेली मर्यादा फार देखणी असते आणि फारशी खरी नसते. बाहेरच्या तुलनेच्या योजनेतही नाव घाला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची (सीडीसी) लॅम्प आणि कॅनडातल्या क्वेबेकची योजना या कामासाठी जगभर वापरल्या जातात.

आकडा हातात आल्यावर

मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी सीडीसीने २०२१ मध्ये संदर्भमूल्य डेसिलिटरला ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणलं. तुमची पद्धत १० जवळ अचूक असून भागत नाही, ती ३ ते ४ च्या दरम्यान अचूक असायला हवी. क्यूसीची खालची पातळी तिथेच निवडा.

लघवीत एकूण आर्सेनिक जास्त आलं, की आधी माशांचा प्रश्न. समुद्री अन्नातलं आर्सेनोबीटेन जवळजवळ निरुपद्रवी असतं आणि जसंच्या तसं बाहेर पडतं. एकूण आकडा ते आणि विषारी असेंद्रिय आर्सेनिक यांत फरक करत नाही. संयुगं वेगळी करणारं एचपीएलसी यंत्र जोडून असेंद्रिय आर्सेनिक आणि शरीरात त्यापासून बनणारी एमएमए, डीएमए ही संयुगं वेगळी मोजल्याशिवाय ‘विषबाधा’ हा शब्द अहवालात येऊ नये.

सीरममधलं जस्त सूज-संसर्गात उतरतं, जेवणानंतरही उतरतं. तांबं सूज असताना आणि गरोदरपणात चढतं, कारण सीरममधलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाच्या पाठीवर बसून फिरतं आणि तेच वाढतं. विल्सनच्या आजारात उलट सीरममधलं तांबं कमी आणि लघवीतलं जास्त, २४ तासांत १०० मायक्रोग्रॅमच्या वर. धातूच्या सांध्यांसाठी ब्रिटनच्या एमएचआरए या औषध-उपकरण नियामक संस्थेने कोबाल्ट-क्रोमियमची लिटरला ७ मायक्रोग्रॅम ही पातळी पुढील तपासणीसाठी ठरवली. औषध देऊन धातू लघवीत ढकलायचे आणि मग नेहमीच्या संदर्भमूल्यांशी तुलना करायची, असा उद्योग काही ठिकाणी चालतो. त्या आकड्यांना कुठलाच मान्य संदर्भ नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल टॉक्सिकॉलॉजीने त्याला स्पष्ट विरोध केला आहे.

एकक दोनदा तपासा. तांब्याचा १ मायक्रोमोल म्हणजे ६३.५ मायक्रोग्रॅम, जस्ताचा ६५.४, सेलेनियमचा ७९. शिशाच्या अहवालात लिटर आणि डेसिलिटरची गल्लत झाली, तर आकडा दहापटींनी चुकतो.

धातूचा सांधा नसलेल्या, कामातही धातूशी संबंध नसलेल्या माणसाच्या सीरममध्ये क्रोमियम ३ मायक्रोग्रॅम प्रति लिटर आलं, तर क्रम असा ठेवा. आधी त्याच कुपीतून नवी नळी बनवून हेलियममध्ये ५२ आणि ५३ दोन्ही मोजा. दोघं जुळले, तर ते क्रोमियमच आहे, तोतया नाही. मग त्याच दिवशी त्याच लॉटच्या नळ्यांत आलेले बाकीचे नमुने पाहा. सगळेच वर असतील तर नळी दोषी, एकटा हाच असेल तर सुईवर संशय. सोबत निकेल आणि मँगेनीजही चढलेलं असेल, तर तो संशय जवळजवळ पक्का. मग डॉक्टरांना फोन करून प्लॅस्टिक कॅन्युलाने, पहिलं ५ मिलि बाजूला काढून, नवं रक्त मागवा. ते येईपर्यंत अहवालात आकडा न छापता ‘नमुना पुन्हा पाठवावा’ एवढंच लिहा.